बाजारात कधीच न आलेली नाणी

आजच्या बोलण्याचा विषय आहे नाणं. पण आपल्या कनवटीला असतं, गटाच्या पेटीत खुळखुळतं, ते नाणं नव्हे. आज बोलू या अशा नाण्यांबद्दल, जी टांकसाळीत घडली पण बाजारात कधीच आली नाहीत. त्यांना म्हणतात नमुना नाणी.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेल्यातलं एक शीत चिमटीत धरून दाबलं की भात झाला की नाही ते कळतं. टांकसाळही तेच करते. नवं नाणं काढायचं तर कोट्यवधी नाणी पाडायची असतात. एकदम सगळी पाडली आणि मग कळलं की ही गंजतात, तर केवढ्याला पडेल? म्हणून आधी थोडी नाणी पाडायची, वेगवेगळ्या धातूंची, वेगवेगळ्या आकारांची. ती घासून, वाकवून, भिजवून पाहायची. जमलं तर पुढे जायचं, नाही जमलं तर वितळवून टाकायची.

नाण्याच्या धातूकडून आपल्या अपेक्षा तरी किती! तो स्वस्त हवा, पण इतका स्वस्त नको की कुणीही घरी खोटं नाणं पाडेल. ठसा नीट उठेल इतका मऊ हवा, पण हजारो हातांतून फिरताना झिजणार नाही इतका कडकही हवा. घामाने काळा पडायला नको, पावसात गंजायला नको. अंधारात हाताला ओळखू यायला हवा. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीपेक्षा कमी हवी. नाहीतर लोक नाणी वितळवून धातूच विकतात. आपल्याकडची काही नाणी चोरून बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जातात, अशा बातम्या येऊन गेल्या आहेत. धातू महाग झाला की नाणं बाजारातून असं पळतं.

या नमुन्यांच्या सगळ्यात गमतीच्या गोष्टी अमेरिकेत घडल्या. अमेरिकेच्या डॉलरचे शंभर भाग केले की एक सेंट. त्यांच्या सेंटच्या नाण्याला तिथले लोक पेनी म्हणतात. आपला पूर्वीचा पैसा तशी त्यांची पेनी.

पहिली गोष्ट १७९२ सालची. देश नवा, टांकसाळ नवी. कायद्याने ठरवलं की एक सेंटच्या नाण्यात एक सेंट किमतीचं तांबं असावं. हिशेब चोख होता, पण तेवढ्या तांब्याचं नाणं मोठं आणि जड होत होतं. सतरा ग्रॅमचं! बाजारात जाताना अशी पन्नास नाणी घेतली तर जवळजवळ एक किलो वजन झालं. मग टांकसाळीतल्या हेन्री व्हॉइट नावाच्या मुख्य कारागिराने युक्ती काढली. तांब्याचं छोटं नाणं घ्यायचं, त्याच्या मधोमध बारीक भोक पाडायचं आणि त्यात चांदीची खुंटी ठोकायची. पाव सेंटचं तांबं, पाऊण सेंटची चांदी. किंमत तीच, नाणं लहान. थॉमस जेफरसन हे तेव्हा मंत्री होते. त्यांनी अशी दोन नाणी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्याकडे पाहायला पाठवली.

दुसराही एक नमुना केला. त्यात तेवढीच चांदी तांब्यात वितळवून मिसळली. करायला हे सोपं. पण मैत्रिणींनो, अडचण तुमच्या लगेच ध्यानात येईल. मिसळलेली चांदी दिसणार कशी? दुधात पाणी मिसळलं की नुसत्या डोळ्यांना कळतं का? तसंच हे. खऱ्या नाण्यात चांदी आहे आणि खोट्यात नाही, हे बघून कुणालाच कळलं नसतं. शेवटी दोन्ही नमुने बाजूला राहिले. १७९३ च्या जानेवारीत कायदा बदलून तांब्याचंच वजन कमी केलं, सतरा ग्रॅमवरून साडेतेरा ग्रॅमवर. चांदीच्या खुंटीची ती नाणी आज जगात मोजकीच उरली आहेत.

आता दुसरी गोष्ट. साल १९४२, दुसरं महायुद्ध. बंदुकीच्या काडतुसांना आणि तोफगोळ्यांच्या टोप्यांना पितळ लागतं, आणि पितळ तांब्यापासून होतं. पेनी तर जवळजवळ सगळी तांब्याची. सरकारपुढे प्रश्न पडला की तांबं शत्रूवर झाडायचं की नाण्यांत घालायचं? मग टांकसाळीने शोध सुरू केला आणि बाहेरच्या कारखान्यांनाही सांगितलं, तुमच्याकडे जे असेल त्याचं नाणं करून दाखवा.

काय काय करून पाहिलं ऐका. जस्ताची नाणी, अल्युमिनियमची नाणी, पोलादाची नाणी. प्लास्टिकची नाणी, तांबडी, तपकिरी, काळी. पुठ्ठ्यासारख्या दाबलेल्या तंतूंची नाणी. आणि चक्क काचेची नाणी! काचेची नाणी टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्ट गावच्या काचकारखान्याने केली होती. काच तापवून कडक केली तरी शेवटी काचच ती. ठसा नीट उठेना, वजन सारखं येईना, आणि फुटायची भीती वेगळीच. त्यातलं अखंड राहिलेलं एक नाणं २०१७ साली लिलावात ७० हजार ५०० डॉलरला गेलं. ज्याने एका सेंटचाही बाजार कधी केला नाही, त्याची ही किंमत!

आणखी एक बारकावा सांगते. या नमुन्यांवर खऱ्या पेनीचं चित्र घातलं नव्हतं. कोलंबिया देशाच्या एका नाण्यावर स्त्रीचा मुखवटा होता, तो घेतला आणि बाजूला स्वातंत्र्य आणि न्याय असे दोन शब्द घातले. कारण सरळ आहे. खरा ठसा कारखान्यांच्या हाती दिला, तर नमुना कुठला आणि नाणं कुठलं हे सांगणार कोण?

शेवटी निवड झाली जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची. १९४३ साली अशी शंभर कोटींहून जास्त नाणी निघाली. आणि मग खरी परीक्षा सुरू झाली, बाजारातली. नवं कोरं नाणं पांढरं चकचकीत, त्यामुळे लोकांना ते चांदीचं दहा सेंटचं वाटायला लागलं. बाया-माणसं फसायला लागली. कडेला मुलामा नव्हता, तिथून घाम आणि ओल आत शिरून गंज चढला. नाणं टाकून वस्तू देणाऱ्या यंत्रांना लोखंड म्हणजे खोटं नाणं एवढंच ठाऊक, ती हे नाणं घेईनात. एका वर्षात तो प्रयोग गुंडाळला. १९४४ पासून वापरलेल्या काडतुसांचं पितळ वितळवून त्यात भर घालून पुन्हा तांब्याच्या रंगाची पेनी निघाली.

त्याच महायुद्धाने आपल्याकडेही नाणी बदलली. घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा, भोकाचा पैसा आठवतो का? १९४३ साली निघालेला तो. आधीचा पैसा पाचएक ग्रॅमचा होता, हा दोन ग्रॅमचा. मधलं तांबं काढून घेतलं आणि नाण्याची चकती केली. चांदीच्या रुपयातली चांदीही १९४० मध्ये निम्म्यावर आली होती आणि पुढे रुपया निकेलचा झाला. लढाई कुठे का होईना, तिचा हिशेब गावच्या बाजारातल्या पैशापर्यंत पोचतो तो असा.

तिसरी गोष्ट एका बाईची आहे. १९६५ साली चांदी महागली आणि अमेरिकेला दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतून चांदी काढावी लागली. पुन्हा नव्या धातूचा शोध. पुन्हा तोच प्रश्न, नमुन्यावर चित्र कुणाचं घालायचं? त्यांनी घातलं मार्था वॉशिंग्टन यांचं, म्हणजे पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचं. मागच्या बाजूला त्यांचं घर, आणि साल घातलं १७५९, त्यांच्या लग्नाचं. मार्थाबाई पहिल्या नवऱ्यामागे विधवा झाल्या तेव्हा मोठी जमीनजायदाद त्यांनी स्वतः सांभाळली. ती शेती गुलामांच्या कष्टांवर चालायची, हेही सांगायला हवं.

मार्थाबाईंच्या ठशाखाली तेव्हापासून कितीतरी धातू दाबून पाहिले गेले. शेवटी निवड झाली ती तीन थरांच्या पत्र्याची. मधे तांबं आणि दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पांढरा थर. वजन चांदीपेक्षा थोडं कमी, पण यंत्रं ते नाणं चांदीचं म्हणूनच घेत. त्या देशात कागदी नोटेवर मार्थाबाईंचं चित्र एकोणिसाव्या शतकात येऊन गेलं होतं. पण चालत्या नाण्यावर त्या कधी आल्या नाहीत. दुसऱ्या नाण्यांसाठी परीक्षा देणं एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. आपल्यातल्या बऱ्याच जणींना हे ओळखीचं वाटेल.

चौथी गोष्ट १९७३ सालची. तांब्याचा भाव पुन्हा चढला. हिशेब करून बघा. एका पेनीत तीन ग्रॅमच्या आसपास तांबं. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम तांब्यात दीडशेच्या वर पेन्या होतात. म्हणजे तांब्याचा भाव पौंडाला दीड डॉलरच्या वर गेला की पेनी खर्चण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं. टांकसाळीच्या प्रमुख तेव्हा मेरी ब्रुक्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी अल्युमिनियमच्या पेनीचा प्रस्ताव मांडला. नाणं एक ग्रॅमपेक्षाही हलकं, स्वस्त आणि न गंजणारं. १९७४ साल घालून १५ लाखांहून जास्त नाणी पाडून ठेवली, आणि काही नाणी तिथल्या खासदारांना पाहायला वाटली.

विरोध दोन बाजूंनी आला. यंत्रवाले म्हणाले, एवढं हलकं नाणं आमच्या यंत्रात अडकेल. आणि मुलांचे डॉक्टर म्हणाले, थांबा. लहान मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. नाणं गिळलं आणि घशात किंवा श्वासनळीत अडकलं तर आम्ही एक्स-रे काढून ते शोधतो. तांब्याचं, पोलादाचं नाणं एक्स-रेमध्ये ठळक पांढरं दिसतं. अल्युमिनियम इतकं हलकं की ते मांसात मिसळून जातं, नीट दिसतच नाही. मग काढायचं कसं?

टांकसाळीच्या कुठल्या तक्त्यात हा प्रश्न नव्हता. झीज मोजली होती, गंज मोजला होता, खर्च मोजला होता. मूल मोजलं नव्हतं. ते मोजलं मुलांची काळजी घेणाऱ्यांनी. पुढे तांब्याचा भावही उतरला, प्रस्ताव बारगळला आणि नाणी वितळवली.

खासदारांकडून मात्र सगळी नाणी परत आली नाहीत. अशी काही नाणी आजही बेपत्ता आहेत. डेन्व्हर गावच्या टांकसाळीतल्या एका जुन्या अधिकाऱ्याच्या मुलाकडे असंच एक नाणं निघालं. त्याचा लिलाव ठरला, पण सरकार म्हणालं, हे नाणं आम्ही कधी खर्चाला दिलंच नाही, तेव्हा ते आमचंच. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ साली नाणं सरकारकडे परत गेलं.

गंमत बघा, तिकडे अल्युमिनियम नाकारलं आणि इकडे आपण ते कित्येक वर्षं वापरलं. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, सगळे अल्युमिनियमचे. १९६४ पासून ती नाणी येत गेली. पाण्यात टाकली तर तरंगतील असं वाटावं इतकी हलकी. पुढे १९८८ पासून पोलादी नाणी आली आणि २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. ओघात एक सांगते. लेकराने नाणं गिळलं तर केळं खाऊ घालून वाट बघू नका, घशात बोटं घालू नका. सरळ दवाखाना गाठा. आणि घड्याळाचा किंवा खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला असेल तर एक क्षणही दवडू नका, तो नाण्यापेक्षा फार घातक असतो.

शेवटची गोष्ट. १९७९ साली अमेरिकेच्या चालत्या नाण्यावर पहिल्यांदा एक खरी स्त्री आली. सुझन अँथनी. बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून तिने आयुष्य वेचलं. १८७२ साली हक्क नसताना मत दिलं म्हणून तिला अटक झाली होती. तिच्या नावाचं हे एक डॉलरचं नाणं. आधी विचार होता की नाणं अकरा कोनांचं करावं, म्हणजे हाताला लगेच कळेल. पण यंत्रवाले म्हणाले, आमची यंत्रं गोल नाण्यांची आहेत. मग नाणं गोलच ठेवलं आणि अकरा कोनांची रेघ फक्त आतून कोरली. रंग पंचवीस सेंटच्या नाण्यासारखाच पांढरा, आकार त्याच्याहून दोन मिलिमीटर मोठा, बस. पर्समधून काढताना लोक पंचवीस सेंट समजून डॉलर देऊन बसायचे. पहिल्याच वर्षी ७५ कोटींहून जास्त नाणी पाडली होती, ती पोत्यांत पडून राहिली.

यंत्राला विचारलं, हाताला विचारलं नाही. आणि नाव मात्र वाईट झालं बाईचं नाणं चाललं नाही म्हणून!

पुढे चूक सुधारली. नवं नाणं सोनेरी रंगाचं करायचं ठरलं, आणि त्यासाठी १९९९ मध्ये पुन्हा मार्थाबाईंचाच ठसा बाहेर निघाला. २००० साली ते नाणं आलं. त्यावर सॅकाजाविया ही आदिवासी स्त्री आहे, पाठीशी तान्हं बाळ बांधलेली.

आपल्याकडेही हाच धडा गिरवावा लागला. दोन रुपयांचं जुनं नाणं अकरा कोनांचं होतं. ते जाऊन गोल पोलादी नाणं आलं तेव्हा एक आणि दोन रुपये ओळखण्यात घोटाळे होऊ लागले, आणि न दिसणाऱ्या माणसांची तर पंचाईतच झाली. मग ७ मार्च २०१९ रोजी नव्या नाण्यांची मालिका जाहीर झाली, ती दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावी अशी. वीस रुपयांचं नाणं हातात घ्या आणि डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. बारा कोन लागतील.

आता या सगळ्यातून आपल्या कामाचं काय ते सांगते. पहिलं म्हणजे, दहा रुपयांचं नाणं चालत नाही म्हणून कुणी परत देत असेल तर ऐकू नका. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीतच स्पष्ट केलं आहे की दहा रुपयांची तेव्हापर्यंतची चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. रुपयाचं चिन्ह असो वा नसो.

दुसरं म्हणजे, मोबाईलवर निरोप येतात, अमुक चित्राचं जुनं नाणं द्या आणि लाखो रुपये घ्या. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून पैसे घेत नाही. मघाशी सांगितलेली नाणी महाग झाली कारण ती जगात मोजकीच आहेत. आपल्या डब्यातलं जुनं नाणं टांकसाळीने कोटींच्या संख्येने पाडलेलं असतं. ज्याला ते खरोखर विकत घ्यायचं आहे तो तुम्हाला पैसे देईल, मागणार नाही.

आणि तिसरं म्हणजे, गावात नवं काही येतं, शिलाई यंत्र येतं, चूल येते, शौचालय येतं, नळाची तोटी येते, तेव्हा कुणीतरी कुठेतरी त्याचा नमुना तपासलेला असतो. तो कुणाच्या हाताने तपासला, हे विचारायची सवय लावू या. तोटीची उंची हंडा भरणारीने पाहिली का? शौचालयाची कडी आतून लागते का, हे मुलीने पाहिलं का? अधिकारी विचारतील, ठीक आहे ना? तेव्हा नुसती मान हलवू नका. म्हणा, आधी एक बसवा, आम्ही महिनाभर वापरतो, मग सांगतो.

पुढच्या बैठकीत गटाची पेटी उघडाल तेव्हा एक खेळ करा. एक, दोन, पाच, दहा, वीस, अशी सगळी नाणी पदराखाली घ्या आणि न बघता ओळखा. कुठलं चटकन कळतं आणि कुठलं फसवतं ते एकमेकींना सांगा. आणि आमच्या केंद्राला कळवा, आम्ही ते पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. येते मग. रामराम.